मंदाताईंची उंच खुर्ची

मंदाताईंकडे कोणीही गेलं की त्या आधी स्वतःची जागा रिकामी करायच्या. पोस्टमन असो की भाजीवाली. "बसा जी. उभ्यानं कायले बोलता?" आर्णीत आमच्या शेजारचंच घर त्यांचं. नवरा गेलेला, मुलगा पुण्यात. सारी नोकरी अंगणवाडीत सतरंजीवर बसून केल्यामुळे असेल, खुर्ची ही आल्यागेल्यासाठीच असते असं त्यांना वाटे.

यवतमाळला त्यांचा खुबा बदलला आणि दीड महिन्यात तो नवा सांधा निखळला. चप्पल उचलायला वाकल्या होत्या. भूल देऊन बसवला. दोन महिन्यांनी पुन्हा तेच. या वेळी विहारात वंदनेला सगळ्यांसोबत खाली बसल्या. "सगळे खाली अन् मी एकटी खुर्चीवर? बुद्धापुढं?" मुलाने मला फोनवर बजावलं, "तिसऱ्यांदा झालं तर घराला कुलूप. आईला मी पुण्याला नेणार." त्यांना जायचं नव्हतं. "तिथं सातव्या माळ्यावर मी कोणाच्या दारात जाऊ? इथं मले रस्त्यावरचं कुत्रंही ओळखते."

मग मी लक्ष घातलं. मी पंचायत समितीत आहे. यादी केल्याशिवाय मला काम सुचत नाही. अकरा सूचना मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावल्या. बसल्यावर गुडघा खुब्याच्या वर जाता कामा नये, म्हणून सुताराकडून एका लाकडी खुर्चीचे पाय उंच करून घेतले. रोज संध्याकाळी ऑफिसातून थेट त्यांच्याकडे जायचं, एकेक सूचना विचारायची आणि वहीत खूण करायची.

"या मॅडम, हजेरी घ्या," त्या म्हणत. "अंगणवाडीतल्या पोरांले मी इतकं नाही छळलं."

"पायावर पाय टाकला होता?"

"नाही जी."

"झोपताना दोन्ही पायांमध्ये उशी?"

"होती. नवऱ्यालेही इतकं जवळ नव्हतं ठेवलं."

तीन महिने बरे गेले. एका संध्याकाळी माझी विचारपूस चालू असताना चहा उतू जायला लागला. मंदाताई उठायला गेल्या, खट् आवाज आला आणि त्या भिंतीला धरून खाली घसरल्या. पाय आत वळला होता. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत मी मुलाला फोन केला. "त्या ऐकतच नाहीत. मी रोज सांगते."

यवतमाळला डॉक्टरांनी विचारलं, "कशावरून उठत होत्या?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. त्या प्लास्टिकच्या बुटक्या स्टुलावर होत्या. उंच खुर्चीत मी होते. फक्त त्या दिवशीच नव्हे, रोजच. मी दारात दिसले की त्या उठत, "बसा, थकून आल्या" म्हणत, आणि मी वही उघडत त्या खुर्चीत बसत असे. सातवी सूचना होती, बुटक्या आसनावर बसू नये. त्या खुर्चीत बसूनच मी या सूचनेपुढे रोज 'पाळली' अशी खूण केली होती.

मंदाताईंनी माझ्याकडे पाहिलं. मग डॉक्टरांना म्हणाल्या, "स्टुलावर बसली होती जी. माह्याच मनानं. या तं रोज बजावतात."

मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी मुलगा आला, तेव्हाही नाही. त्यांच्या सामानाची यादीही मीच केली. गाडी दारात लागल्यावर मी हळूच विचारलं, "डॉक्टरांना खरं का नाही सांगितलं?"

"काय सांगू? आल्या माणसाले जागा देली म्हणून पाय निखळला? अन् तुमाले काहून पुढं करू? तुमी तं माह्यासाठीच येत होत्या."

वर्षाच्या आत त्या पुण्यात न्यूमोनियाने गेल्या. आर्णीच्या विहारात कार्यक्रम झाला. मुलगा सगळ्यांसमोर म्हणाला, "या मावशी होत्या म्हणून आई इतके दिवस स्वतःच्या घरात राहू शकली." सारे माझ्याकडे वळले. उठून दोनच वाक्यं सांगायची होती: त्यांनी नियम मोडला नव्हता, त्यांची जागा मी घेतली होती. त्यांना इथून न्यायचं कारण नव्हतं. वाक्यं पाठ होती. मी हात जोडले आणि बसून राहिले.