नख अडकलं ते शटल

मशीनच्या तेलाचा वास आला की एकोणीसशे तीसच्या सुमाराचा एक शिमगा आठवतो. हे मुंबईहून बोटीने आले ते माझ्या जुन्या शिवणाच्या मशीनसाठी खालच्या दोऱ्याचं, होडीसारखं शटल घेऊनच. "अगो, अस्सल विलायती हो! तुझं झिजलंय." मी त्याच्या कडेवरून नख फिरवलं. अस्सलाची कड गुळगुळीत असते, इथे नख अडकलं. पण ह्यांचा फुललेला चेहरा बघून म्हटलं, "होय, अस्सलच आहे." ह्यांची बोट सुटली तशी मी आपलं जुनं, अस्सल शटल पुन्हा बसवलं. पुढे दर रजेत मात्र ह्यांच्यासमोर ते नकलीच चालवायची. दोरा सारखा तुटायचा, आणि हे चाळिशी लावून हौसेने सुई ओवून द्यायचे. आता बारा महिने मशीनमध्ये अस्सल शटल असतं. दोरा काही तुटत नाही.