नीमाला मी दिवाळीला घरी आणलं नाही

गिरणीत दळणाचा डबा नंबरला लावून मी उभी होते, तेवढ्यात फोन वाजला. दारेसलामहून. नीमाच्या धाकट्या बहिणीचा. गिरणीच्या घरघरीत तिचं इंग्रजी धड ऐकू येईना, म्हणून एका कानात बोट घालून रस्त्यापलीकडे गेले आणि म्हणाले, पुन्हा सांग. तिनं बिचारीनं पुन्हा सांगितलं. नीमा गेली. तापाचं निमित्त, चार दिवस दवाखान्यात, आणि संपलं... पस्तिशी म्हणजे काय जायचं वय झालं का? डबा तिथंच विसरून मी केडगावातल्या आमच्या घरी परतले. आई पायरीवर बसून मेथी निवडत होती. "स्वाते, पीठ कुठाय गं?" म्हणाली. "लाईट गेलीय गिरणीची," मी सांगितलं आणि आत निघून गेले. नीमाच्या बाबतीत आईशी बोललेलं हे माझं पहिलं खोटं नव्हतं.

भंडारदऱ्याच्या वाटेवर अकोल्याकडे आमची मुलींची निवासी शाळा होती. वडील फौजेत, आई नगरच्या एका दवाखान्यात नर्स, तिच्या ड्यूट्या कधी दिवसा तर कधी रात्री, त्यामुळे पाचवीपासूनच माझी रवानगी बोर्डिंगात झालेली. नीमा आली आठवीत. तिचे वडील शेतकीवर संशोधन करायला टांझानियाहून आपल्या जिल्ह्यात आले होते. आई तिला नव्हती, धाकटी बहीण तिकडे आजीजवळ. माझ्या शेजारची कॉट तिला मिळाली. पहिले काही दिवस पोरी उगाचच तिच्या कॉटवरून चक्कर मारायच्या, तिच्या केसांना हात लावून पळून जायच्या. ती मग न्हाणीघरात नळ सोडून रडायची. नळ एवढा वेळ का चालू आहे, म्हणून रेक्टरबाई वर तिलाच रागवायच्या. थंडीचं तर विचारूच नका. माझे दोन स्वेटर एकावर एक चढवून ती वर्गात बसायची आणि तरी दात वाजायचे.

मराठी ती वर्गात नाही, मेसमध्ये शिकली. सखूमावशींसोबत लसूण सोलत बसायची, त्यामुळे तिच्या तोंडी मावशींचीच भाषा बसली. "मावशी, लई भूक लागली हाय, अजून एक भाकर द्या की!" असं ती म्हणाली, की अख्खी मेस हसायची. नंतर नंतर तीही हसायला लागली. भाकरीच्या पिठाचा गोळा हातात घेऊन म्हणायची, आमच्याकडे मक्याच्या पिठाचं असंच करतात, फक्त भाजत नाहीत.

नववीत तिच्या वडलांचं काम संपलं. शाळा मध्येच तुटू नये म्हणून तिला इथंच ठेवून ते परत गेले, आणि जाण्याआधी माझ्या आईला भेटून स्थानिक पालक व्हायची विनंती करून गेले. आईनं लगेच फॉर्मवर सही केली. नियम असा होता, की सुट्टीला परदेशी मुलीला सोडायचं ते पालकाच्या सहीची चिठ्ठी हातात पडल्यावरच. पालकाची सख्खी मुलगी समोर उभी असली, तरी चिठ्ठीशिवाय फाटक उघडायचं नाही.

पहिल्याच सुट्टीत नीमा आमच्या घरी आली आणि आईची होऊन गेली. रेक्टरबाईंचा हुकूम होता, एक तर दोन वेण्या, नाहीतर केस कापा. नीमाचे केस दोन वेण्यांत बसणारे नव्हते. आई म्हणाली, "कापायचे नाहीत. कसे बांधायचे ते तू सांग, मी शिकते." मग ड्यूटीवरून आली, की आई तिला पुढ्यात घेऊन बसायची. कंगव्याच्या टोकानं भांग पाडायचा, बारीक बारीक वेण्या डोक्याला चिकटून गुंफत न्यायच्या. तीन-तीन तास! चुकलं की उसवायचं, पुन्हा घालायचं. दोघींचं खिदळणं चालायचं. आणि मी? माझे केस तर आईनं वेळ नाही म्हणून तिसरीतच कापून टाकले होते. खोटं कशाला बोलू, मी दारात उभी राहून बघायची आणि माझा नुसता जळफळाट व्हायचा. त्यात नीमा तिला सरळ "आई" म्हणायला लागली. माझी आई, आणि हिची "आई" कुठून झाली?

दहावीच्या दिवाळीला आईला सुट्टी जुळवायची होती, म्हणून आम्हाला न्यायला ती स्वतः आली नाही. शेजारचे पठाणचाचा टेम्पो घेऊन तिकडे भाडं सोडायला येणार होते, त्यांच्याबरोबर तिनं चिठ्ठी पाठवली. पुरुषमाणसाला आत सोडत नसत. चाचांनी पाकीट फाटकाशी माझ्या हातात दिलं. "रेक्टरमॅडमला दे बेटी, आणि दोघी या चटकन." मी आत गेले, न्हाणीघराची कडी लावली, चिठ्ठीचे तुकडे केले आणि वर बादलीभर पाणी ओतलं. नीमाची बॅग भरून तयार होती. तिला म्हणाले, "आईला ड्यूटी आहे गं, एक-दोन दिवसांत चिठ्ठी पाठवते म्हणालीय." चाचांना म्हणाले, ती येत नाही. आणि घरी आल्यावर आईला सांगितलं, "तिला आपल्याकडे यायचंच नाही. तिथंच बरं वाटतं, म्हणाली."

आईनं माझ्या हातातली बॅग घेऊन आत ठेवली. मग म्हणाली, "असू दे. तिचं तिला कळतं आता." नीमासाठी म्हणून टाकलेली रजा तिनं रद्द केली आणि दिवाळीभर कामावर गेली. मी आपली एकटी, चकल्यांचा डबा पुढ्यात घेऊन.

सुट्टी संपवून परत गेले, तर सखूमावशींनी मला मेसच्या दारातच धरलं. "कसं गं तुमी? रोज फाटकापाशी बॅग घेऊन बसायची पोर. आज येतीय चिठ्ठी, आज येतीय, म्हनायची. शेवटी मीच आवारातल्या माझ्या खोलीवर नेली तिला, दिवा लावायला." नीमा कॉटवर पुस्तक घेऊन बसली होती. मला वाटलं, आता भांडेल, काहीतरी बोलेल. तिनं वर बघून एवढंच विचारलं, "आई आजारी हुती का?"

त्याच वेळी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. उद्या सांगू, परीक्षा झाली की सांगू... दहावीचा शेवटचा पेपर झाला, तिचे वडील न्यायला आले, ती गेली. आई काही तिला निरोप द्यायला आली नाही. मीही तिला ये म्हणाले नाही. दोघी एकमेकींवर रुसल्यात असं मी स्वतःला वाटू दिलं, आणि त्यात माझी सोय झाली.

पुढे व्हॉट्सॲपवर नीमानं मला शोधून काढलं. ती तिकडे नर्स झाली होती. माझ्या वाढदिवसाला दरवर्षी तिचा आवाजातला निरोप यायचा. मी ऐकायची, आभार मानायची, आणि आईला कधी ऐकवायची नाही. ऐकवला असता, तर पुढचे प्रश्न आले असते.

गेल्या आठवड्यात आईला सगळं सांगितलं. ती आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. नीमा गेल्याचं सांगितलं, मग चिठ्ठीचं, आणि नंतर नीमानं "आई आजारी हुती का?" एवढंच विचारल्याचं. वाटलं, मुस्काटात मारेल. मारली असती तर बरं झालं असतं. ती हातातल्या परकराची घडी घालत राहिली, मोडली, पुन्हा घातली.

"तिचा शेवटचा पेपर होता त्या दिवशी मला सुट्टी होती," ती म्हणाली. "घरीच होते मी. गेले नाही. पोरीला आपण नकोसे झालो, म्हटलं, कशाला जायचं..."

मी रडायला लागले. तिनं माझ्याकडे बघितलंही नाही.

"तिला सांगितलंस हे?"

"नाही."

"मग तिनं काय समजायचं होतं गं आमच्याबद्दल?"

मी फोन काढला आणि शेवटच्या वाढदिवसाचा निरोप लावला. इतक्या वर्षांनीही तेच मेसमधलं मराठी. "स्वाती, लई मोठी हो. आणि आई कशी हाय? तिला म्हनावं, मी पन आता ड्यूटीवाली झाले. पेशंटच्या वेण्या मी लई छान घालते, तिच्यासारख्या."

आईनं हात पुढे केला. फोन तिला दिला. "दार ओढून घे," म्हणाली.

मी बाहेर येऊन उभी राहिले. आतून नीमाचा आवाज येत होता, पुन्हा, आणि पुन्हा. प्रत्येक वेळी "आई कशी हाय?" इथपर्यंत आला की थांबायचा. मग माझी आई हळू आवाजात सांगायची, "बरी आहे गं बाळा. मी आजारी नव्हते."