ओठांकडे गेलेला अंगठा

वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसलेल्या नानांनी, आमच्या शेजाऱ्यांनी, मूठ वळली, अंगठा ओठांकडे नेला आणि बायकोकडे बघून भुवया उडवल्या. माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या, रिपोर्टमध्ये लिव्हर बिघडलेलं आलंय, एवढंच त्यांच्या कानावर आलं होतं. तेवढं त्यांना पुरलं. दाराच्या काचेतून अण्णांनाही तो अंगठा दिसला.

अण्णांनी जन्मात दारूला हात लावलेला नाही. हार्ट अटॅकने हृदयाचा जोर कमी पडला, लिव्हरला पुरेसं रक्त मिळेना, म्हणून तेही आजारी पडलं. डॉक्टरांनी मला सांगितलं तसंच मी नानांना सांगितलं.

"असेल, असेल," ते म्हणाले. "आम्ही कुठे काय म्हणतोय?"

शरीरात एकाचं दुखणं दुसऱ्यापर्यंत पोचतं. बाकावरच्या या माणसांपर्यंत काहीच पोचत नाही. ती आपली शहाळी तेवढी पोचवतात, आणि जाताना एक अफवा घेऊन जातात.

लिव्हर पुढे सुधारलं. परवा नाना घरी आले, तेव्हा मी सगळ्यांसाठी कोकम सरबत आणलं. अण्णांनी त्या लाल ग्लासाकडे पाहिलं, मग नानांच्या हाताकडे.

"मला साधं पाणी दे," ते म्हणाले.