सासऱ्यांचा टाळ आणि नवा अॅम्प्लिफायर

शशिकांतला स्वस्थ बसता येत नाही, ही काही नवी गोष्ट नव्हे. पण गेलं वर्षभर त्यानं अगदी वात आणला होता. सिल्वासातल्या टोकरखाड्याच्या त्या दोन खोल्यांत स्पीकर आज खिडकीशी, उद्या कपाटाशी, परवा विटांवर. गाणं सुरू झालं की दोन मिनिटांत हा उठलाच! तार हलव, सतरंजी गुंडाळ, पडदा काढ. बायको अरुणा म्हणायची, "अहो, एक गाणं तरी धड संपू द्या!"

आणि गाणं कुठलं, तर तिचंच. अठ्ठावीस वर्षांपूर्वी, सिल्वासाला यायच्या आदल्या साली, अरुणा नाशिकच्या भजनस्पर्धेत गायली होती. शेजारी तिचे वडील टाळ घेऊन बसले होते. टेप लावला होता शशिकांतनंच, नवा नवा जावई! सासऱ्यांचा तो टाळ त्याच्या डोक्यात अजून जसाच्या तसा होता, लख्ख. सासरे गेले. ती जुनी कॅसेट मुलीनं, नेहानं, कॉम्प्युटरवर उतरवून दिली. तेव्हापासून हा ऐकतोय, आणि टाळ काही खणखणत नाही. सगळं कोंदट, पांघरुणाखालून आल्यासारखं. तो टाळ एकदा पुन्हा ऐकायचा, बस्स, एवढाच ध्यास घेतला होता त्यानं.

"सेटमध्ये दमच नाही," त्यानं निदान केलं. निदानात साहेबांचा हात कोण धरणार! राखोलीच्या सूत कारखान्यात सत्तावीस वर्षं काढलेली. तिथल्या शेडमध्ये यंत्रांचा असा गदारोळ की तोंडानं कुणी बोलतच नाही, सगळं हाताच्या खुणांनी. दोन बोटं वर केली की धागा तुटला, मूठ दाखवली की यंत्र थांबव. कानात बोळे घालायचा नियम आहे. पोरांनी घातले नाहीत तर शशिकांत अंगावर धावून जायचा, पण स्वतः कधी घातले नाहीत. का? तर यंत्राचं दुखणं तो कानानं ओळखायचा. बोळे घातले तर ऐकणार काय, कपाळ?

गेल्याच महिन्यात जळगावकडच्या ललितनं त्याला शेडबाहेर आणून सांगितलं, "साहेब, बत्तीस नंबरवर बारीक शिट्टी येऊ राहिली." शशिकांत जाऊन उभा राहिला. काही नाही. "कसली शिट्टी? कान साफ कर आधी!" म्हणून त्याला उडवून लावलं. दोन दिवसांनी बत्तीस नंबरचं बेअरिंग गेलं. तेव्हाही यानं ललितलाच झापलं, नीट का सांगितलं नाहीस म्हणून. असा हा माणूस.

तर वापीहून वेगळा पॉवर अॅम्प्लिफायर आला. दुकानदार भावेशनं हरभऱ्याच्या झाडावर चढवलंच होतं, "साहेब, एक वार लगावी जुओ, पछी बोलजो!" एकदा लावून तर बघा, मग बोला! जुन्या सेटनं आता गाणं फक्त पुढे द्यायचं, आणि स्पीकर हलवायची मेहनत या नव्या धुडानं करायची. धूड उचलताना शशिकांतची कंबर धरली. तरी लावलं. भिंतीवरचं घड्याळ थरथरलं. "बघ, बघ! केवढा फरक!" पण दहा मिनिटांत पुन्हा चुळबूळ सुरू. टाळ कुठाय?

शेवटी रविवारी दुपारी त्यानं कारखान्याची रीत घरात आणली. तिथे प्रत्येक बॉबिनच्या सुताचा एक मोजा विणतात, रंगात बुडवतात, आणि रंग सारखा चढला का ते बघायला तपासणाऱ्यापुढे नंबर झाकून ठेवतात. नंबर दिसला की नजर लबाडी करते, हे त्याचंच म्हणणं. त्यानं एक खटका बसवला. इकडे केला की जुना सेट एकटा, तिकडे केला की नवं धूड. दोन्हीचा आवाज मोबाइलवर मोजून सारखा केला, कारण मोठा आवाज उगाच चांगला वाटतो, एवढं त्याला कळत होतं. मग पाठ करून बसला. "तुझ्या मनाला येईल तसा खटका फिरव आणि लिहून ठेव. बारा वेळा."

"आणि पोळ्या कोण करणार?" म्हणत अरुणा बसली खरी.

बारा फेऱ्या झाल्या. शशिकांत दर वेळी छातीठोक सांगत होता, "हा नवा! हा जुना!" अरुणानं वही पुढे केली. सहा बरोबर, सहा चूक. नुसता अंदाज मारला असता तरी तेवढेच आले असते. त्याचं तोंड उतरलं.

"मला तर दोन्हीकडे सारखंच वाटलं," अरुणा म्हणाली. "बाबांचा टाळ मात्र काय छान आलाय हो! दोन्हीकडे."

"कुठे?"

"कुठे म्हणजे? हा काय, सबंध गाणंभर वाजतोय की!"

तो उठला आणि स्पीकरला कान लावला. आधी उजवा, मग डावा. अरुणाचा आवाज होता, पखवाज होता. टाळ नव्हता. तो गुडघ्यांवर तसाच बसून राहिला, आणि त्याला बत्तीस नंबर आठवला. ललित शेडबाहेर आणून जीव तोडून सांगत होता, शिट्टी येतेय म्हणून.

"अहो, काय झालं?" अरुणाला आधी थट्टाच वाटली होती. त्याचा चेहरा बघून ती जवळ आली.

"पुन्हा लाव."

"नव्यावर की जुन्यावर?"

"कशावरही लाव. आणि माझ्यासमोर बस."

गाणं सुरू झालं. वर्षभरात पहिल्यांदाच तो जागचा हलला नाही.

"आता टाळ वाजला की मला हातानं सांग," तो म्हणाला.

अरुणानं डोळे पुसले, आणि एक बोट वर केलं.