खाली एक थेंब नाही

सोनावणे काका माणसाला 'जय भीम' म्हणायच्या आधी त्याच्या गाडीच्या बॉनेटवर तळहात ठेवत, तापलेल्या पोराचं कपाळ बघावं तसा. मग म्हणत, "ताई, आज लांबून आलात." एका सरकारी खात्यात तीस वर्षं साहेबांची गाडी चालवून ते निवृत्त झाले होते आणि धायरीतल्या आमच्या सोसायटीत तळमजल्यावर राहत होते. मी शाळेत शिकवते. मला पन्नाशीत गाडी शिकवली ती त्यांनीच. त्यांना जाऊन आता वर्ष होईल.

आईचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा असे. मंगळवारी शाळा सुटल्यावर मी नेत असे, शनिवारी डायलिसिसच्या वेळेला माझी शाळा म्हणून काका. त्यासाठी गाडीची एक किल्ली त्यांच्याकडेच असायची.

मार्च महिन्यातल्या एका मंगळवारी सिंहगड रस्त्यावर तापमानाचा काटा लाल रेघेवर गेला. गाडी बाजूला घेऊन मी काकांना फोन लावला. ते म्हणाले, "हीटर लावा. फुल्ल."

मला वाटलं, माझ्याच ऐकण्यात चूक झाली. "काका, अहो गाडी तापलीय."

"म्हणूनच म्हणतोय. इंजिनची उष्णता तिकडून बाहेर पडू द्या, मग बंद करा. आणि रेडिएटरच्या टोपणाला हात लावू नका. मी येतोय."

रिपोर्टच्या फाइलनं वारा घेत आई म्हणाली, "तुला शिकवलं ते ह्यांनीच ना?" काटा मात्र खाली आला.

गॅरेजवाल्यानं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं ते हिरवं पाणी, भरून दिलं. दहा दिवसांत टाकी पुन्हा अर्धी. "पार्किंगमध्ये गाडीखाली ओलं असतं का?" त्यानं विचारलं. मी रोज शाळेला निघताना वाकून बघत होते. लादी ठणठणीत कोरडी. "खाली एक थेंब नाही म्हणजे आतल्या आत जातंय. इंजिन खोलावं लागेल. पंधरा दिवस गाडी ठेवा." पंधरा दिवस म्हणजे चार-पाच डायलिसिस, आणि आईला रिक्षातले धक्के सोसवत नसत. काय करावं मला कळेना. काकांनाही कळेना. "हिरवा थेंब कुठंच नाही, मग जातं तरी कुठे?" बॉनेटवर हात ठेवून ते स्वतःलाच विचारत.

एका सकाळी आईची फाइल गाडीत राहिली म्हणून मी सहालाच खाली गेले. काका गुडघ्यांवर बसून माझ्या गाडीखालची लादी फडक्यानं पुसत होते. भिंतीवर सोसायटीची पाटी होती: "आपले वाहन गळके असल्यास खाली आपणच पुसावे. पार्किंग हे न्हाणीघर नव्हे."

"काका, हे काय?"

"काही नाही हो. एसीचं पाणी सांडतं जरा. तुम्ही आईंचं सगळं करता, त्यात कमिटीची बोलणी कशाला खायची? महिनाभर पुसतोय मी."

फडकं पोपटी झालं होतं.

"काका, हे हिरवं आहे."

त्यांनी फडकं डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, पुन्हा जवळ नेलं. "हिरवं? मला तर पाणीच दिसतंय."

मला आधी हसू आलं, आणि मग शनिवार आठवले. हिरवं आणि पाणी ज्या डोळ्यांना वेगळं दिसत नव्हतं, त्यांच्या भरवशावर मी दर शनिवारी आईला पाठवत होते. रागवावं की पाया पडावं, तेच मला समजेना. खरं सांगायचं तर अजूनही समजलेलं नाही. काकांनी फडकं बादलीत टाकलं, हात कोरडे केले आणि खिशातली किल्ली काढून माझ्या हातात ठेवली.

"मोतीबिंदू आहे म्हणाले होते डॉक्टर," ते म्हणाले. "मी म्हटलं, रस्ता पाठ आहे."

गळका पाइप गॅरेजवाल्यानं तासाभरात बदलला. शनिवारी मी रजा घेतली. काका इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून खाली हजर होते. त्यांनी मागचं दार उघडून आईला बसवलं, दार लावलं आणि सवयीनं पुढे आले. स्टिअरिंगवर मी होते. ते तिथंच घुटमळले. मग आईनं आतून दार उघडलं. "या हो, बसा इथं."

तीस वर्षांत ते कधी मागे बसले नव्हते. बसले, पण पाठ टेकली नाही. दवाखान्यापर्यंत प्रत्येक सिग्नलला मागून त्यांचा बूट चटईवर दाबल्याचा आवाज येत होता, मी ब्रेक दाबायच्या क्षणभर आधी.