सहीचा फोटो

दुपारचं ऊन भिंतीवर आलं की कळतं, आमच्या लाडक्या गायिकेच्या फोटोवरची सही पुसट होत चाललीय.

मैफलीत शेवटची भैरवी तेवढी उरली होती. सहीचे फोटो संपतील म्हणून मी उठून बाहेरच्या स्टॉलवर धावलो, रांगेत तिष्ठलो आणि किंमतही न विचारता हा घेतला. परतलो तोवर आत टाळ्या. बायको डोळे पुसत बाहेर आली.

"अहो, होतात कुठे? काय गायल्या बाई आज!"

त्यानंतर बाई कधी गायल्याच नाहीत. आवडलेलं हातात धरून घरी न्यावंसं का वाटतं, कोण जाणे.

पोळ्या लाटताना बायको अजून ती भैरवी गुणगुणते. मी उगाचच फोटोची काच पुसायला घेतो.