ओढ्यातले दगड

त्याचं नाव मला ठाऊक नाही, विचारायचंही नाही. दर रविवारी तो बेळगावहून उंच करून घेतलेली जीप घेऊन खानापूरच्या जंगलातल्या आमच्या वाटेवर यायचा. ओढ्याशी उतरून, बैलाला थोपटावं तशी ती भलीमोठी चाकं थोपटायचा. गावाला दुसरी वाट नाही, म्हणून आम्ही सगळ्यांनी मिळून ओढ्यात दगड मांडलेत. एकदा बघतो तर हा तेच उचलून फेकतोय!

"अवो, दगड कशाला काढताय?"

"लई सोपं होतंय अण्णा. गाडी चढवायला मजाच येत न्हाय."

माझं डोकंच फिरलं. "परवा माझ्या आक्काला बाळंतपणाला ह्याच दगडांवरनं खुर्चीत बसवून उचलून नेलंय आम्ही!"

तो थबकला. हातातला दगड तसाच धरून म्हणाला, "व्हय? व्हिडिओ काढलाय काय?"